ओटीपी दिलाच नाही, मग कार्डातून पैसे गेले कसे?

या वेळी कार्डाबद्दल प्रश्न मागवले होते, डेबिट क्रेडिट दोन्ही, आणि ठाणे कळव्यापासून पार खारघरपर्यंतच्या वाचकांनी एवढं लिहून पाठवलंय की सगळं छापणं शक्य नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत, फक्त राहण्याचं ठिकाण ठेवलंय. पत्रं वाचताना एक गोष्ट मला फार लागली. पैसे गेल्याचं दुःख तर आहेच, पण बऱ्याच पत्रांत "घरी अजून सांगितलेलं नाही" किंवा "कोणाला सांगायची लाज वाटते" असं कुठे ना कुठे येतंच, आणि या प्रकारात पैसे परत मिळणं सगळ्यात जास्त कशावर अवलंबून असेल तर तुम्ही किती लवकर बोलता त्यावर. मी बँकेच्या कार्ड विभागात नोकरी केलीय, तिथे जे रोज बघितलं त्यावरून जमेल तेवढं सविस्तर लिहितेय.

ताई, नवऱ्याचं क्रेडिट कार्ड घरात कपाटात होतं. रात्री पावणेतीनला लागोपाठ मेसेज आले, डॉलरमध्ये खरेदी झाल्याचे, सगळं मिळून ४६ हजारांच्या आसपास. आम्ही झोपलेलो, सकाळी बघितलं. ओटीपी आलाच नाही तर देणार कुठून? कस्टमर केअरवाला म्हणतो ओटीपीशिवाय होऊच शकत नाही, तुम्हीच कुठेतरी दिला असणार. कार्ड लगेच ब्लॉक केलंय. आता हे बिल भरायचं का? (ऐरोली)

होऊ शकतं ताई, आणि हे त्या कस्टमर केअरवाल्याला माहीत असायला हवं होतं. ओटीपीची सक्ती आपल्याकडची आहे. भारतातल्या साईटवर कार्ड वापरलं की ती दुसरी खात्री लागते, पण परदेशातल्या कितीतरी साईटवर कार्डाचा १६ आकडी नंबर, एक्स्पायरी आणि मागचे ३ आकडे, म्हणजे सीव्हीव्ही, एवढ्यावर पैसे कापले जातात, काही ठिकाणी तर ते ३ आकडेही मागत नाहीत. म्हणून कार्ड कपाटात होतं याला काही अर्थ उरत नाही, चोराला प्लास्टिक नकोच असतं, आकडे पुरतात. आणि आकडे कुठून गेले हे शोधत बसू नका, एखाद्या साईटचा डेटा चोरीला गेला असेल, खोट्या सेलच्या जाहिरातीवर कधी काही मागवलं असेल, कुठल्या काउंटरवर कोणी फोटो काढला असेल, किंवा काहीच नाही, ही टोळकी कॉम्प्युटरवर नंबर बनवून एकामागून एक लावून बघतात त्यातला एक लागला असेल. आधी दहावीस रुपयांचा छोटा व्यवहार करून बघतात आणि तो गेला की मग मोठा. असा अनोळखी छोटा मेसेज कधी आला तर "एवढंसं काय" म्हणून सोडून देऊ नका, तिथेच कार्ड बंद करा.

आता मुद्द्याचं. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, ग्राहकाची जबाबदारी किती यावर, आणि तुमची केस त्यात चपखल बसते. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुठल्या जागेतून चोरी झाली, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. मेसेज आला तो दिवस धरत नाहीत आणि सुट्ट्याही धरत नाहीत. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर थोडा भार तुमच्यावर येतो, साध्या बचत खात्याला आणि ५ लाखांपर्यंत लिमिट असलेल्या क्रेडिट कार्डाला जास्तीत जास्त १० हजार, त्याहून मोठ्या लिमिटच्या कार्डाला २५ हजार. सात दिवसांनंतर मग बँकेचं स्वतःचं धोरण. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य त्याच परिपत्रकात आहे, ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. "तुम्हीच दिला असणार" असं फोनवर म्हटल्याने काही सिद्ध होत नाही, ओटीपी कुठल्या नंबरवर, किती वाजता पाठवला आणि कुठे टाकला गेला ते बँकेने दाखवायचं.

तुम्ही कार्ड ब्लॉक केलंत, फार छान, पण नुसतं ब्लॉक करणं म्हणजे तक्रार नव्हे, इथेच खूप जण फसतात. ब्लॉक झाल्यावर "हे व्यवहार आम्ही केलेले नाहीत" अशी वेगळी तक्रार नोंदवायची असते, तिचा नंबर घ्यायचा, आणि त्याच दिवशी तेच सगळं ईमेलवर लिहून पाठवायचं, व्यवहाराची तारीख वेळ रक्कम, आणि एक ओळ की यासाठी कोणताही ओटीपी आम्हाला आला नाही. शक्य असेल तर शाखेत कागद देऊन पोच घ्या. फोनवरचं बोलणं नंतर कोणाला आठवत नाही, शिक्का मारलेली पोच राहते. कळवल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती तुमच्या खात्यात जमा दाखवायची आणि ९० दिवसांत निकाल द्यायचा असा नियम आहे.

बिलाचं विचारलंय. तुमची जी खरी खरेदी आहे तेवढे पैसे वेळेत भरा, पूर्ण भरा, आणि वादातली रक्कम वेगळी काढून बँकेला लेखी कळवा. फ्रॉड म्हणून तक्रार केलेल्या व्यवहारावर निकाल लागेपर्यंत चार्जेस लावायचे नाहीत असं २०२२ च्या क्रेडिट कार्ड नियमांत आहे. तरी बँकेने व्याज लावलं किंवा तक्रारीला ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा, सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर तक्रार फुकट करता येते, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री नंबर आहे.

आणि नवं कार्ड आलं की पहिलं काम, बँकेचं ॲप उघडून त्यात कार्डाच्या सेटिंगमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद आहेत ना ते बघा. २०२० पासून नवीन कार्ड देताना ते फक्त भारतातल्या एटीएमला आणि दुकानातल्या मशीनला चालेल असंच द्यायचं आणि ऑनलाईन, परदेशी, टॅप हे आपण चालू केलं तरच चालू व्हायला हवं असा नियम आहे, पण फॉर्म भरताना किंवा फोनवर "हो हो" म्हणताना ते सगळं एकदम चालू करून मिळतं आणि आपल्याला पत्ताच नसतो. चालू बंद करायची आणि लिमिट कमी करायची सोय चोवीस तास असते. परदेशी जाणार असाल तेव्हा चालू करा, आलात की बंद.

माझे बाबा ७४ वर्षांचे, नौपाड्यात एकटे राहतात, मी घोडबंदरला. त्यांना फोन आला की पाईप गॅसचं मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री गॅस बंद होईल. व्हॉट्सॲपवर एक फाईल पाठवली, ती उघडायला लावली, त्यात डेबिट कार्ड टाकून १२ रुपये भरायला सांगितले. दोन लाखांच्या वर गेले. बाबांनी चार दिवस कोणाला सांगितलं नाही, मला काल कळलं, शेजारच्या काकूंकडून. मला इतका राग आलाय की काय बोलू कळत नाही. (ठाणे)

आज बाबांजवळ जाऊन बसा. राग त्यांच्यावर काढू नका, खरंच सांगते, त्यांनी चार दिवस जे सोसलंय ते पुरेसं आहे आणि तुम्ही ओरडलात तर पुढच्या वेळी असा फोन आला तर ते तुम्हाला सांगणारच नाहीत. आयुष्यभर बिलं वेळेवर भरलेल्या माणसाला "बिल राहिलंय" हे वाक्यच टोचतं, आणि फोन करणाऱ्याला ते बरोबर माहीत असतं. ही माणसं दिवसभर हेच काम करतात, घाई कशी लावायची, समोरच्याला फोन ठेवू कसा द्यायचा नाही. डॉक्टर, प्राध्यापक, माझ्या ओळखीचे बँकेतले लोकसुद्धा यात सापडलेत.

पण बसल्यावर पहिलं काम फोनचं, कारण ती फाईल अजून फोनमध्ये असेल तर चोरी संपलेली नाही. एपीके म्हणतात त्याला, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून थेट फोनमध्ये बसवलेलं ॲप. उघडताना ते मेसेज वाचायची परवानगी मागतं आणि आपण हो म्हणतो, त्यानंतर येणारा प्रत्येक ओटीपी त्यांच्याकडे आपोआप जातो. म्हणजे बाबांनी ओटीपी कोणाला "सांगितला" नाही हे खरं असेल, तो न सांगता गेला. आणि ते १२ रुपये भरायला लावले ते १२ रुपयांसाठी नाही, त्या निमित्ताने कार्डाचा नंबर आणि पिन टाकून घेतला. कार्ड मिळालं, ओटीपी मिळतोय, आणखी काय हवं.

तर फोनचं वायफाय आणि डेटा बंद करा, सिम काढून घरात एखादा जुना बटणांचा फोन असेल त्यात टाका. त्या फाईलचं नाव, आलेला नंबर, चॅट, याचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा, पोलिसांना लागतील. मग तो फोन फॅक्टरी रीसेट करून घ्या, नुसतं ॲप उडवलं तर कधी कधी ते दिसतच नाही पण आत असतं. नेट बँकिंगचे पासवर्ड, यूपीआय पिन हे सगळं दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदला. कार्ड ब्लॉक, आणि बाबांच्या एफडी तपासा, हे मी ठळक करून सांगतेय, बचत खातं रिकामं झालं की हे लोक ऑनलाईन एफडी मोडतात. शाखेत जाऊन ऑनलाईन एफडी मोडायची सोय बंद करता येते का ते विचारून घ्या.

दुसरं, १९३०. हा नंबर फोनवर सेव्ह नसेल तर हे वाचता वाचता करा. सायबर आर्थिक फसवणुकीसाठी देशभराचा आहे. तिथे सांगितलं की पैसे ज्या बँकेत गेले तिला कळवलं जातं, पैसे अजून त्या खात्यात असतील तर तिथेच रोखून धरतात, पुढे दुसऱ्या खात्यात गेले असतील तर त्या पुढच्या बँकेकडे तीच तक्रार जाते. चोरही हे जाणतात म्हणून मिनिटामिनिटात पैसे चारपाच खात्यांतून फिरवतात आणि कुठल्यातरी एटीएममधून रोख काढतात, रोख निघाली की संपलं. पहिला तास दीड तास सगळ्यात मोलाचा असतो तो याच्यासाठी. तुमच्या बाबांचे चार दिवस गेले, तरीही आजच करा, कारण कधी कधी साखळीतलं एखादं खातं आधीच दुसऱ्या कोणाच्या तक्रारीने गोठवलेलं असतं आणि त्यात तुमचाही काही भाग अडकलेला सापडतो. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका, पोलीस ठाण्यात जा, ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही आयुक्तालयांत सायबर पोलिसांची वेगळी व्यवस्था आहे पण तक्रार जवळच्या ठाण्यातही द्यायला हरकत नाही. गोठवलेली रक्कम परत मिळायला साधारणपणे कोर्टाचा आदेश लागतो, वेळ लागतो, पाठपुरावा करावा लागतो, तो तुम्ही करा, बाबांना एकट्याला फिरवू नका.

आता जे ऐकायला कडू आहे तेही सांगायला हवं. वरच्या पत्रातल्या ताईंना जो शून्य जबाबदारीचा नियम लागू होतो तो इथे तसा लागू होत नाही. कार्डाची माहिती ग्राहकाने स्वतः दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं, असा नियम आहे. म्हणजे या चार दिवसांत दुसऱ्या तिसऱ्या दिवशीही पैसे गेले असतील तर ते पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर वाचले असते. हे बाबांना ऐकवू नका. पण तुमच्या सोसायटीत, नातेवाईकांत जेवढे ज्येष्ठ आहेत त्यांना नक्की सांगा, की असं झालं तर आधी १९३० आणि बँक, मग रडायचं, मग घरच्यांना तोंड कसं दाखवू वगैरे.

बाबांसाठी पुढचं म्हणून एक सुचवते, माझ्या घरी आम्ही तसंच ठेवलंय. पेन्शनचं खातं आणि कार्डाचं खातं वेगळं करा. ज्या खात्याला कार्ड आणि यूपीआय जोडलंय त्यात महिन्याच्या भाजी औषधापुरतेच पैसे, मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात जिथे कार्डच नाही. काहीही झालं तरी जाऊन जाऊन तेवढेच जातील.

ठाणे वाशी लोकलला सकाळी पाय ठेवायला जागा नसते. टॅपचं कार्ड पाकिटात असतं. कोणी मशीन खिशाला लावून पैसे काढू शकतं का? व्हॉट्सॲपवर असा व्हिडिओ फिरतोय. (रबाळे)

तांत्रिकदृष्ट्या अगदीच अशक्य नाही पण मला याची फार भीती वाटत नाही. कार्ड मशीनच्या अगदी जवळ, दोनचार सेंटिमीटरवर यावं लागतं, पाकिटात दोन टॅप कार्डं एकत्र असली की मशीन बरेचदा गोंधळतं, आणि ते मशीन कुठल्यातरी दुकानदाराच्या खात्याला जोडलेलं असतं म्हणजे पैसे कोणाकडे गेले त्याचा माग राहतो. चोराला यापेक्षा सोपे मार्ग आहेत. खरा धोका पाकीटच मारलं गेलं तर आहे, कारण ५ हजारांपर्यंत टॅपला पिन लागत नाही, १ जानेवारी २०२१ पासून ती मर्यादा २ हजारांवरून ५ हजार झालीय. लोकलने जाणाऱ्याने ॲपमध्ये टॅपचं लिमिट पाचशे किंवा हजार रुपयांवर आणून ठेवावं किंवा वापरतच नसाल तर बंदच करावं.

घणसोलीला एटीएममध्ये कार्ड आत गेलं ते बाहेरच येईना. मशीनच्या बाजूला हेल्पलाईन म्हणून नंबर चिकटवलेला, लावला तर तो म्हणाला दोनदा पिन टाका आणि कॅन्सल दाबा, नाही आलं तर उद्या शाखेतून घ्या. मागे एक मुलगा उभा होता तोही तेच म्हणाला. घरी येईपर्यंत २५ हजार गेले. (घणसोली)

तो नंबर बँकेचा नव्हताच आणि तो मुलगाही बहुतेक त्यांचाच. कार्डाच्या खाचेत चिकट पदार्थ किंवा पट्टी लावून ठेवतात, कार्ड अडकतं, आपण घाबरतो, चिकटवलेल्या नंबरला फोन करतो, पिन टाकताना मागचा बघतो, आणि आपण बाहेर पडलो की पट्टीसकट कार्ड ओढून काढतात. आपल्याकडे जुनी काळ्या पट्टीची कार्डं बदलून चिपची द्यायला बँकांना २०१८ च्या अखेरीची मुदत होती, आता चिपचीच कार्डं आहेत त्यामुळे कार्डाची नक्कल करणं अवघड झालं, म्हणून आता खरं कार्डच हवं असतं त्यांना. तुम्हाला सांगते, कार्ड अडकलं तर त्या खोलीतून बाहेर पडायच्या आधी, तिथेच उभं राहून, ॲपमधून कार्ड बंद करा. बंद केलेलं कार्ड आत राहिलं तर राहू दे. बँकेचा नंबर आधीच फोनमध्ये सेव्ह हवा, कारण तो असतो कार्डाच्या मागे आणि कार्ड तर मशीनच्या पोटात. भिंतीवरच्या नंबरला कधीही नाही, आणि गुगलवर शोधून सापडलेल्या कस्टमर केअरलाही नाही, तिथे खोटे नंबर खूप असतात.

तुमच्या केसमध्ये त्या दिवसाचं एटीएमचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा असं बँकेला लगेच लेखी कळवा, एटीएम दुसऱ्या बँकेचं असलं तरी अर्ज आपल्याच बँकेत द्यायचा. फुटेज कायम ठेवत नाहीत, उशीर झाला तर पुसलं जातं. अर्जात कार्ड अडकल्याची वेळ आणि पैसे निघाल्याची वेळ दोन्ही लिहा.

याच्याबरोबरच कळव्याहून एकांनी विचारलंय की पैसे कापल्याचा मेसेज आला पण मशीनमधून नोटा आल्याच नाहीत, हाही फ्रॉड का? नाही, तो बहुतेक मशीनचा घोळ. व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत बँकेने आपणहून पैसे परत करायचे, नाही केले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. ती भरपाई न मागता मिळायला हवी, नाही मिळाली तर मागा, तुमच्या हक्काची आहे.

मी खारघरला पीजीत राहतो, सेकंड इयर. मित्राचा मित्र म्हणतोय तुझं वापरात नसलेलं बँक खातं, एटीएम कार्ड आणि सिम दे, महिन्याला ५ हजार देतो. गेमिंग कंपनीचे पेमेंट येतात म्हणे, त्यांना जास्त खाती लागतात. माझं काही जाणार नाही ना? (खारघर)

तुला एकेरीच लिहिते, माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस. देऊ नकोस. आणि दिलं असशील तर हे वाचून झाल्या झाल्या बँकेत जा.

वरच्या पत्रातल्या आजोबांचे दोन लाख गेले ना, ते जाऊन कुठल्या खात्यात पडतात असं तुला वाटतं? चोर स्वतःच्या नावाच्या खात्यात घेत नाही, तो तुझ्यासारख्या मुलांच्या, रिक्षावाल्यांच्या, घरकाम करणाऱ्या बायकांच्या नावावरची खाती भाड्याने घेतो, तुझं कार्ड आणि तुझं सिम त्याच्या हातात, एका दिवसात लाखो रुपये आत येऊन बाहेर जातात. पोलीस जेव्हा माग काढत येतात तेव्हा त्यांना पहिलं नाव दिसतं ते तुझं, तुझं आधार, तुझा फोटो, तुझ्या गावाकडच्या घराचा पत्ता. "मला माहीत नव्हतं" हे तू म्हणशील पण महिन्याला ५ हजार घेत होतास हेही दिसेल. दुसऱ्याचं सोंग घेऊन कॉम्प्युटर फोनवरून फसवणूक केली तर आयटी कायद्याच्या कलम ६६ड खाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे, आणि अशा टोळीला खातं पुरवणारा त्या गुन्ह्यात ओढला जातो. अशी खाती ओळखायला रिझर्व्ह बँकेच्या संस्थेने म्यूलहंटर नावाची यंत्रणा काढलीय, त्यामुळे पकडलं जायला आता तक्रारच यावी लागते असंही नाही. तुझी बाकीची खातीसुद्धा गोठू शकतात, अगदी ज्यात कॉलेजची फी येते ते पण. पोलीस चौकशीत नाव आलं की पुढे नोकरी, पासपोर्ट, सगळीकडे ते आडवं येतं.

दिलं असशील तर कार्ड ब्लॉक, मोबाईल कंपनीत जाऊन ते सिम बंद, बँकेत लेखी की हे खातं माझ्या ताब्यात नव्हतं ते बंद करा, आणि एखाद्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन सायबर पोलिसांकडे स्वतःहून जा. घरी सांग. आईवडील रागावतील, नंतर पाठीशीही तेच उभे राहतील. आणि ज्याने विचारलं त्याचा नंबर पोलिसांना दे, कारण तो तुझ्या पीजीतल्या बाकीच्या मुलांनाही विचारत असणार.

कोकणात रिसॉर्ट बुक करतोय, ते म्हणतात कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो व्हॉट्सॲप करा. आणि शॉपिंग साईटवर कार्ड सेव्ह करावं का? (वर्तकनगर)

फोटो अजिबात नको, दोन्ही बाजूंचा फोटो म्हणजे सगळं कार्डच दिलं. पेमेंट लिंक मागा किंवा यूपीआयने ॲडव्हान्स द्या, आणि त्याआधी रिसॉर्टचा नंबर दुसरीकडून तपासून तिथे बोलून घ्या, खोट्या रिसॉर्टची पानंही भरपूर आहेत. साईटवर सेव्ह करण्याबद्दल, १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्याकडच्या साईटना खरा कार्ड नंबर साठवायला बंदी आहे, त्या जागी एक टोकन ठेवतात जे त्या साईटपुरतंच चालतं. त्यामुळे नेहमीच्या मोठ्या ॲपवर सेव्ह करणं पूर्वीपेक्षा बरंच सुरक्षित आहे. एकदाच काही घेणार अशा नव्या साईटवर मात्र कशाला ठेवायचं, डिलिव्हरीला पैसे द्या.

रिवॉर्ड पॉइंट आज रात्री संपतायत, ९,८५० रुपये मिळतील असा मेसेज आला, खाली लिंक. खरा कसा ओळखायचा? (नेरुळ)

लिंक उघडायचीच नाही, मग खरा खोटा ओळखायची गरजच राहत नाही. पॉइंट असतील तर बँकेच्या ॲपमध्ये दिसतील, स्वतः ॲप उघडून बघा. आणखी दोन खुणा उपयोगी पडतील, बँकांच्या साईटचे पत्ते आता डॉट बँक डॉट इन ने संपतात, आणि खात्याबद्दल बोलायला बँकेने फोन करायचा तर तो १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून करायचा असं ठरवून दिलंय. साध्या दहा आकडी मोबाईलवरून "बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्याचं पुढचं वाक्य ऐकूच नका. पण १६०० वरून आला तरी पिन, ओटीपी, सीव्हीव्ही कोणालाच सांगायचा नाही, खरी बँक तो मागतच नाही. असे मेसेज संचार साथी ॲपवर चक्षू म्हणून भाग आहे तिथे कळवता येतात, दोन मिनिटं लागतात, तेवढी द्या.

मी मागितलेलं नसताना क्रेडिट कार्ड घरी आलं. दुसऱ्या दिवशी फोन, मॅडम नको असेल तर कॅन्सल करतो, फक्त आलेला ओटीपी सांगा. सांगितला नाही. आता काय करू? (कोपरखैरणे)

सांगितला नाहीत, शाब्बास! तो ओटीपी कॅन्सल करायचा नव्हता, कार्ड चालू करायचा होता. न मागता कार्ड पाठवायला बंदी आहे. आलं आणि तुम्ही ३० दिवसांत चालू केलं नाही तर बँकेने चालू करायला तुमची ओटीपीने संमती घ्यायची, ती मिळाली नाही तर कामकाजाच्या ७ दिवसांत एक पैसा न घेता खातं बंद करायचं. तुम्ही वाट बघू नका, कार्ड कापून टाका, चिपही कापा, आणि बँकेच्या खऱ्या ईमेलवर लिहा की मी अर्ज केलेला नाही, बंद करून लेखी कळवा. वार्षिक फी लावली तर भरू नका, आधी तक्रार करा. त्या फोनवाल्याला तुमचं कार्ड कालच आलंय हे कसं कळलं तेही त्याच ईमेलमध्ये विचारा, त्याचा नंबर देऊन.

शिवाय तुमच्या नावाने दुसरं कुठे कर्ज किंवा कार्ड निघालं नाहीये ना ते बघा. सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एक संपूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यात तुमच्या पॅनवर कोणकोणती खाती आहेत ती यादी असते. ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर त्याच साईटवर डिस्प्युट टाका आणि ज्या बँकेचं आहे तिलाही कळवा.

या महिन्यात तीन वाचकांनी प्रश्नाबरोबर कार्डाचे फोटो आणि स्टेटमेंटची पानं पाठवली होती, ती मी नष्ट केलीत आणि त्या तिघांना कार्ड बदलून घ्या असं कळवलंय. पुढच्या अंकासाठी लिहाल तेव्हा बँकेचं नाव, तारीख आणि काय घडलं एवढं पुरे, नंबर कुठलाच नको. पुढचा विषय यूपीआयचा आहे, प्रश्न महिन्याच्या २० तारखेपर्यंत पाठवा, आणि पैसे आत्ता चालू असलेल्या घोटाळ्यात जात असतील तर मला लिहीत बसू नका, आधी १९३० लावा.